नरक आहे काय? आणि शास्त्रवचन हा पुरावा ठरतो काय?

राजारामपुरीतील एका कॅथलिक घरी सायंकाळची जपमाळ संपल्यावर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने आमच्यापुढे आपली अडचण मांडली. नरकाविषयी बोलणे निघाले असता त्याने आपल्या हिंदू मित्रासमोर संत मत्तयकृत शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय उघडून ठेवला होता. मित्राने तो आदराने वाचला, पुस्तक मिटले आणि विचारले, "हे तुमच्या ग्रंथात आहे हे कळले. पण ते खरे कशावरून?" घरातील वडीलधाऱ्यांना हा प्रश्न उद्धट वाटला. आम्हांस तो उद्धट वाटला नाही. तो फार जुना आणि प्रामाणिक प्रश्न आहे, आणि आपल्या श्रद्धावंतांपैकी अनेकांना तो कधी ना कधी ऐकावा लागतो, म्हणून त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार करीत आहोत.

आपल्या देशातील तत्त्वचिंतकांनी ज्ञानाच्या साधनांना 'प्रमाण' म्हटले. प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला नैयायिकांनी 'शब्द' हेही प्रमाण मानले. मात्र कोणाचाही शब्द नव्हे, तर जो विश्वासपात्र आहे त्याचा. चार्वाकांनी प्रत्यक्षापलीकडे काहीच मानले नाही, बौद्धांनी शब्दाला स्वतंत्र स्थान दिले नाही. अर्थात ग्रंथवचन पुरावा होते की नाही, हे वचन सांगणाऱ्यावरील विश्वासावर अवलंबून राहते. कोल्हापूरकरांना शास्त्राधाराचा वाद परका नाही. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात १८९९ नंतर पेटलेल्या वेदोक्त प्रकरणात उभय पक्षांनी शास्त्राचे दाखले दिले. तसे देता आले, कारण शास्त्राचा अधिकार दोघांनाही मान्य होता. भांडण अर्थाचे आणि हक्काचे होते.

हाच भेद संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथाच्या अगदी पहिल्याच प्रश्नात केला आहे. प्रतिपक्ष शास्त्रातील काही भाग मानत असेल तर त्या भागाच्या आधारे त्याच्याशी वाद करता येतो. तो प्रकटीकरणातले काहीच मानत नसेल तर श्रद्धेची तत्त्वे त्याला सिद्ध करून दाखवण्याचा मार्ग उरत नाही. त्याने घेतलेल्या आक्षेपांना उत्तर देणे एवढेच आपल्या हाती राहते. आमच्या तरुणाची चूक एवढीच, की घरातला पुरावा त्याने घराबाहेर नेला. पंचविसाव्या अध्यायातून ख्रिस्तसभा काय मानते आणि का मानते हे सिद्ध होते. त्या मित्रापुरते नरकाचे अस्तित्व त्यातून सिद्ध होत नाही.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला एक मराठी माणूस आपल्या इतिहासात आहे. नीळकंठशास्त्री गोरे हे १८२५ साली जन्मलेले, काशीत वाढलेले कोकणस्थ ब्राह्मण. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ साली 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि खरा धर्म कोणता हे चमत्कार, ग्रंथाचे पावित्र्य व सार्वत्रिकता या कसोट्यांवर ठरवावे, असे प्रतिपादन केले. विशीच्या आतबाहेर असलेल्या गोरे यांनी १८४४-४५ मध्ये 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून त्याला उत्तर दिले. धर्माच्या बाबतीत तर्काने श्रद्धेच्या मागून चालावे, पुढून नव्हे, असा त्यांचा पक्ष होता. त्याच वेळी ख्रिस्ती मतावर त्यांनी जे आक्षेप घेतले त्यांत शाश्वत नरकाचा आक्षेप होता: चार दिवसांच्या आयुष्यातील पापाला अंत नसलेली शिक्षा देणारा परमेश्वर न्यायी आणि दयाळू कसा?

१८४८ साली गोरे यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या झाले. पुढे ते अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू झाले. पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यातही त्यांच्या विचारांचा वाटा होता. १८६८ साली त्यांनी कलकत्त्याहून शाश्वत शिक्षेच्या सिद्धांतावरच एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच 'आक्षेप' हा शब्द आहे, हे आम्हांस लक्षणीय वाटते. ज्या आक्षेपाने त्यांनी तरुणपणी दुसऱ्यांना अडवले होते, त्याच्याशी त्यांना वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीही सामना करावा लागला. श्रद्धा स्वीकारल्याने तो प्रश्न नाहीसा झाला नव्हता.

गोऱ्यांचा तरुणपणीचा आक्षेप इतका स्वाभाविक का वाटतो, याचे एक कारण भाषेत आहे. 'नरक' हा शब्द आपण आपल्याच भूमीतून घेतला. कोकणी बोलणारे कॅथलिक तर आजही 'येमकोंड' म्हणतात, म्हणजे यमाचे कुंड. परंतु पुराणांतील नरकात पापाचे फळ भोगून जीव पुन्हा बाहेर पडतो. कोल्हापुरात आपल्या शेजारी राहणाऱ्या जैन बांधवांच्या शास्त्रात सात नरकभूमी आहेत. तेथील आयुष्य कल्पनातीत दीर्घ असते, तरी त्याला शेवट असतो. मध्वाचार्यांचा द्वैतमताचा संप्रदाय हा ठळक अपवाद. तेव्हा मराठी माणसाच्या कानाला 'नरक' म्हटल्यावर मुदतीची शिक्षा ऐकू येते. मुदतीपुरते पाहिले, तर आपल्या शिकवणुकीतील शुद्धीस्थान त्याला अधिक जवळचे आहे. वाद करणारे दोघे एकच शब्द उच्चारतात आणि दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलतात, असे अनेकदा घडते.

घरातही पुरावा नीट वाचावा लागतो. जुन्या करारातील 'शिओल' म्हणजे मृतांचा अधोलोक. तेथे चांगले-वाईट सारेच जातात, त्याला नरक म्हणता येत नाही. प्रभू येशू ज्या 'गेहेन्ना'विषयी बोलतो ते यरुशलेमच्या दक्षिणेकडील हिन्नोमचे खोरे. तेथे मुलांचे अग्नीत बळी दिले जात. योशिया राजाने इ. स. पूर्व सातव्या शतकात ते स्थान भ्रष्ट करून टाकले आणि यिर्मया संदेष्ट्याने त्याला शाप दिला. हे खोरे शहराचा सतत जळणारा उकिरडा होते असे प्रवचनांतून सांगितले जाते. आम्हीही सांगितले आहे. पण या माहितीचा सर्वांत जुना आधार इ. स. १२००च्या सुमाराचे यहुदी भाष्यकार दाविद किम्ही यांच्या लेखनात सापडतो, प्रभूच्या काळातील नव्हे. बळी दिलेल्या मुलांचे खोरे ही प्रतिमा उकिरड्याहून कितीतरी भयंकर आहे, तेव्हा या दुरुस्तीने आपले काही बिघडत नाही.

तरुणाने उघडून ठेवलेल्या अध्यायातच एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. राज्य नीतिमानांसाठी सिद्ध केलेले आहे असे प्रभू सांगतो. अग्नी मात्र सैतान व त्याच्या दूतांसाठी सिद्ध केलेला आहे, माणसासाठी असे तो म्हणत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेली 'कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण' नरकाचे अस्तित्व आणि त्याची शाश्वतता स्पष्टपणे मांडते, आणि त्याच ठिकाणी परमेश्वर कोणालाही नरकासाठी नेमून ठेवत नाही हेही सांगते. नरक म्हणजे परमेश्वराच्या सहवासातून माणसाने स्वतःला कायमचे वगळून घेणे. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी २८ जुलै १९९९ रोजीच्या आपल्या शिकवणुकीत तो स्थानापेक्षा अवस्था आहे असे समजावले. गोऱ्यांच्या जुन्या आक्षेपाचे उत्तर याच दिशेने द्यावे लागते: शिक्षा पापाच्या मापाने मोजून लांबवलेली नाही, नकारच मागे घेतला जात नाही. हे उत्तर ऐकून प्रत्येकाचे समाधान होईल असे आम्ही म्हणत नाही. आमचेही दर वेळी होत नाही.

शास्त्र आपल्या प्रामाण्याविषयी स्वतः काय म्हणते हे पाहायचे असेल तर संत लूकच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांची गोष्ट वाचावी. यातनेत पडलेला श्रीमंत आपल्या पाच भावांसाठी पुरावा मागतो. कोणी मेलेल्यांतून उठून गेला तर ते ऐकतील, असे त्याला वाटते. अब्राहाम नकार देतो: मोशे व संदेष्टे यांचे न ऐकणारे त्याचेही ऐकणार नाहीत. भावांपाशी ग्रंथ होता. दारात पडलेला लाजरसही होता.

त्या सायंकाळी जपमाळेच्या प्रत्येक रहस्यानंतर आम्ही सर्वांनी फातिमाची प्रार्थना म्हटली होती. १९१७च्या जुलैमध्ये तीन मेंढपाळ मुलांना मिळालेल्या त्या लहानशा प्रार्थनेत नरकाग्नीपासून बचावाची याचना आहे, आणि लगेच सर्व आत्म्यांना स्वर्गात नेण्याचीही, विशेषतः ज्यांना दयेची अधिक गरज आहे त्यांना. ख्रिस्तसभेने असंख्य संतांची नावे जाहीर केली. नरकात आहे म्हणून एकाही माणसाचे नाव तिने आजवर जाहीर केलेले नाही, यहूदा इस्कर्योतचेही नाही. आपल्या मित्रासाठी ती प्रार्थना म्हणावी काय, असे त्या तरुणाने निघताना विचारले. आम्ही त्याला सांगितले, त्यात मित्राचे नाव घाल, आणि आपलेही घाल.