मदतलेखातील बटण : 'फिक्स इट' आणि विश्वासाचा इतिहास

🧵 १/ संगणक बिघडला की मदतलेख वाचायचा आणि त्यातील उपाय स्वतःच्या हातांनी करायचा, अशी रीत दीर्घकाळ होती. लेखानेच तो उपाय करून द्यावा, ही कल्पना कशी रुजली आणि तिची किंमत काय पडली, त्याचा हा धागा.

२/ १९९४ मध्ये अ‍ॅपलच्या सिस्टिम ७.५ सोबत 'अ‍ॅपल गाइड' आले. पुढची कृती कोठे करायची, ते पडद्यावर लाल वर्तुळ काढून दाखवी. १९९५ च्या विंडोज ९५ मधील मदतपानांवर छोटी बटणे होती. ती दाबताच संबंधित सेटिंगची खिडकी उघडे. पुढचे काम मात्र वापरकर्त्याचेच.

३/ मायक्रोसॉफ्टच्या 'नॉलेज बेस' लेखांतील अनेक उपायांसाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करावा लागे. तो चुकल्यास गंभीर अडचणी उद्भवतील, असा इशारा लेखातच असे. ज्याला मदतीची सर्वाधिक गरज, तोच तेथे थबके.

४/ २००८-०९ च्या सुमारास या लेखांत 'फिक्स इट' बटण आले. ते दाबले की छोटा प्रोग्राम उतरे आणि संमती घेऊन बदल करी. अनेक लेखांत 'माझ्यासाठी दुरुस्त करा' आणि 'मी स्वतः दुरुस्त करतो' असे दोन्ही मार्ग दिलेले असत. त्यामुळे बटणामागे काय घडते, हे जिज्ञासूला वाचता येई.

५/ २००९ च्या विंडोज ७ मध्ये अशी दुरुस्ती थेट प्रणालीत सामावली. पॉवरशेल स्क्रिप्टवर आधारलेले 'ट्रबलशूटर' एमएसडीटी या साधनामार्फत चालत. विशिष्ट दुव्यानेही हे साधन सुरू करता येई. सोयीची ही वाटच पुढे धोक्याची ठरली.

६/ मे २०२२ मध्ये 'फॉलिना' हा दोष उघड झाला. सापळा रचलेला वर्ड दस्तऐवज त्याच दुव्याने एमएसडीटीला हाक मारी आणि हल्लेखोराची आज्ञा संगणकावर चालवी. दुरुस्तीचे अवजारच चोरवाट झाले होते.

७/ ३० मे रोजी मायक्रोसॉफ्टने तात्पुरता उपाय सुचवला: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून आज्ञा टंकून रजिस्ट्रीतील संबंधित नोंद पुसा. ज्या कामाच्या धास्तीतून बटण जन्मले, तेच काम पुन्हा माणसाच्या हाती आले. १४ जूनला सुधारणा उपलब्ध झाली; २०२३ मध्ये एमएसडीटी टप्प्याटप्प्याने निवृत्त करण्याची घोषणा झाली.

८/ बटणाची कल्पना मात्र टिकली. मदत लेखातून कृतीत उतरते, तेव्हा तिला वापरकर्त्याचे अधिकार मिळतात. ते अधिकार कोणाच्या हाकेवर वापरले जातील, हा प्रश्न प्रत्येक नव्या बटणासोबत पुन्हा उभा राहतो.