बैलाएवढी मूत्रपिंडे: एका आनुवंशिक विकाराचा इतिहास
पोलंडचा राजा स्टीफन बाथोरी 1586 च्या डिसेंबरात ग्रोद्नो येथे मरण पावला, तेव्हा शवविच्छेदन करणाऱ्या शल्यवैद्याला त्याची मूत्रपिंडे बैलाच्या मूत्रपिंडांएवढी मोठी आणि खडबडीत आढळली. राजवैद्य मात्र मृत्यूच्या कारणावरून आपसांत भांडत राहिले. हे वर्णन बहुपुटी मूत्रपिंडविकाराचे, म्हणजे मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या असंख्य पुटी वाढत जाण्याच्या आजाराचे, असावे असा आजच्या अभ्यासकांचा कयास आहे. हा विकार घराण्यातून कसा उतरतो, हे डेन्मार्कच्या ओव्हे डालगार्ड यांनी 284 रुग्णांची आणि त्यांच्या कुटुंबांची चिकाटीने छाननी करून 1957 मध्ये मांडले: आईवडिलांपैकी एकाला तो असल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. पुढे 1994 मध्ये सोळाव्या आणि 1996 मध्ये चौथ्या गुणसूत्रावरील संबंधित जनुक ओळखले गेले, आणि पुटी दिसू लागण्यापूर्वीच रक्ताच्या नमुन्यावरून निदान करता येऊ लागले. ही चाचणी आजार टाळत नाही. तिचे खरे मोल दिसते ते आजारी भावाला मूत्रपिंड देऊ पाहणाऱ्या तरुण बहिणीच्या बाबतीत, कारण त्या वयात सोनोग्राफी निर्दोष असली तरी सदोष जनुक तिच्यातही दडलेले असू शकते.