सांध्यांची वाटणी

कपाटाच्या फळ्या कशा जोडायच्या, हे कोण ठरवणार? सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये हा प्रश्न थेट नगरसभेपुढे गेला होता. एकीकडे १४७७ची सनद असलेली सुतारांची कंपनी. दुसरीकडे ‘जॉयनर्स’ची, म्हणजे बारीक जोडकाम करणाऱ्या कारागिरांची कंपनी. त्यांना राणी पहिली एलिझाबेथ हिने १५७१मध्ये सनद दिली होती. दोघांचंही पोट लाकडावर आणि तंटा सांध्यांवरून.

१६३२मध्ये निवाडा झाला. खाच आणि कुसू, डव्हटेल (फळ्यांच्या कडा एकमेकींत अडकवणारा सांधा), खुंटी किंवा सरस वापरून जोडलेल्या पेट्या, कपाटं, पलंग, खुर्च्या जॉयनर्सनी करायच्या. फळ्या नुसत्या खिळ्यांनी ठोकून होणारं काम सुतारांकडे. या वाटणीतून शवपेट्याही सुटल्या नाहीत. उंची ओकच्या जॉयनर्सकडे गेल्या, बाकीच्या दोघांनाही खुल्या राहिल्या.

या भांडणाच्या मुळाशी लाकडाचा स्वभाव होता.

पावसाळ्यात दरवाजा चौकटीत अडकतो, उन्हाळ्यात पुन्हा मोकळा होतो, हा अनुभव घरोघरचा. लाकूड लांबीला जवळपास बदलत नाही, रुंदीला मात्र फुगतं आणि आक्रसतं. सहा फळ्या ठोकून केलेल्या जुन्या इंग्लिश पेटीत पुढच्या फळीच्या रेषा आडव्या आणि बाजूच्या फळ्यांच्या उभ्या असत. पुढची फळी आक्रसायला लागली की खिळे तिला जागचं हलू देत नसत. शेवटी ती रेषेवरच तडकायची. अशा तडा गेलेल्या पेट्या आजही पाहायला मिळतात.

जॉयनर्सनी यावर चौकटीचा उपाय वापरला. चार अरुंद पट्ट्यांची चौकट, तिच्या आतल्या कडेला खोबण आणि त्या खोबणीत कडा पातळ करून बसवलेली फळी. फळीला ना सरस, ना खिळा. ती आतल्या आत फुगते, आक्रसते. चौकटीचं माप बदलत नाही.

चौकटीचे कोपरे पक्के करण्याची रीत तर विलक्षण होती. पट्टीच्या टोकाला पुढे आलेलं कुसू दुसऱ्या पट्टीच्या खाचेत बसायचं. खुंटीसाठी दोन्हींत भोकं पाडायची, पण कुसवातलं भोक मुद्दाम जेमतेम दीड मिलिमीटर आतल्या बाजूला सरकवलेलं असे. निमुळती खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकं एका रेषेत आणू पाहते, आणि त्या ओढीने सांधा कचकन आवळला जातो. ओल्या ओकवर सरस नीट धरत नाही. म्हणून ही खुंटी सरसाशिवाय काम भागवायची.

१६६०नंतर, दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, आवडनिवड बदलली. अक्रोडाच्या पातळ पापुद्र्यांनी मढवलेली गुळगुळीत कपाटं लोकांना हवीशी झाली. मढवायला सपाट पृष्ठभाग लागतो. चौकटीचे उंचसखल भाग तिथे चालेनात. त्यामुळे रुंद फळ्यांच्या कडा एकमेकींत अडकवणारं डव्हटेल पुढे आलं. दोन्ही फळ्यांच्या रेषा एकाच दिशेने फिरत असल्यामुळे त्या बरोबरीने आक्रसतात आणि कोपरा टिकतो. एक अडचण मात्र उरली. डव्हटेलची टोकं ड्रॉवरच्या दर्शनी फळीतून आरपार निघत. लाकडाच्या त्या आडव्या छेदावर सरस नीट पकडत नसे, आणि मढवणं तिथेच सुटायचं. म्हणून टोकं दर्शनी फळीच्या जाडीतच थांबवणारं झाकलेलं डव्हटेल रूढ झालं.

तोवर कंपन्यांची पकड सैल झाली होती. १६६६मध्ये लंडनला लागलेल्या मोठ्या आगीनंतर शहर पुन्हा उभारायला हात कमी पडले. १६६७च्या कायद्याने बाहेरच्या सुतारांना आणि जॉयनर्सनाही लंडनमध्ये कामाची मुभा दिली. कपाटाचा सांधा निवडताना आता सनदेपेक्षा गिऱ्हाइकाची मागणी आणि लाकडाची चाल यांना जास्त वजन आलं.

अस्सल सागवानी कपाट करून घेताना आजही हीच तपासणी उपयोगी पडते: दाराची मधली फळी चौकटीत मोकळी आहे की सरसाने घट्ट चिकटवली आहे, आणि ड्रॉवरचा कोपरा डव्हटेलने धरला आहे की खिळ्यांनी.