रात्रीची कॅज्युअल्टी आणि १९८५ चा कायदा

मंडळी, कॅन्सरचा इतिहास म्हटला की आपण शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी यांच्याबद्दल बोलतो. आज आपण दुखण्याचा इतिहास बघू. सुरुवात करू नागपुरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीपासून.

गडचिरोली, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा इथून लोक गाडी करून रात्री-बेरात्री येतात. खर्ऱ्याच्या या मुलखात तोंडाचा कॅन्सर काही नवा नाही. पेशंटला ताप नाही, रक्तस्राव नाही, फक्त दुखणं सहन होत नाही. अशा वेळी बरेचदा डायक्लोफेनॅकचं एक इंजेक्शन मिळतं आणि "सकाळी ओपीडीत दाखवा" असं उत्तर मिळतं. असं का होतं? डॉक्टर निर्दयी असतात म्हणून? नाही. याचं उत्तर इतिहासात आहे.

अशा दुखण्यावरचं मुख्य औषध म्हणजे मॉर्फिन. ते अफूपासून बनतं आणि ही अफू आपल्या शेजारीच, मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्यानं पिकते. मग अडलं कुठे?

१९८५ साली एनडीपीएस कायदा आला. रोख होता अमली पदार्थांच्या व्यापारावर, पण फास बसला दवाखान्यांनाही. मॉर्फिन ठेवायचं तर चार-पाच वेगवेगळे परवाने, आणि चूक झाली तर कडक शिक्षेची भीती. दवाखान्यांनी आणि औषध दुकानांनी ते ठेवणंच सोडलं. देशातला मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. १९९७ साली तो जेमतेम १८ किलोवर आला होता.

योगायोग बघा. १९८६ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांची पद्धत जाहीर केली आणि तिच्या वरच्या पायरीवर होतं मॉर्फिन. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना आश्रम सुरू झाला. म्हणजे ज्ञान दारात आलं, तेव्हा औषधाला कुलूप लागलेलं होतं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेनं कायदा सुधारला. मॉर्फिनसारखी औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि अनेक परवान्यांच्या जागी एकाच खात्याची मान्यता पुरेशी झाली. पण मधल्या तीस वर्षांत डॉक्टरांच्या पिढ्या मॉर्फिन न हाताळताच शिकून बाहेर पडल्या. कायदा बदलला तरी हाताची सवय आणि मनातली भीती लगेच बदलत नाही.

खरं तर रीत अवघड नाही. दुखणं शून्य ते दहा या मापात विचारायचं, शिरेतून थोडं मॉर्फिन द्यायचं, श्वासावर लक्ष ठेवायचं, थोड्या वेळानं पुन्हा विचारायचं आणि गरज असेल तर पुन्हा द्यायचं. घरी पाठवताना गोळ्या लिहून द्यायच्या, सोबत पोट साफ राहायचं औषध. नाही तर तोच माणूस उद्या रात्री परत येणार.

असह्य दुखणं ही स्वतःच इमर्जन्सी आहे, एवढं आपण या इतिहासातून शिकलो तरी पुष्कळ झालं.