क्रूझचे भाडे उतरले, तर फरक कोणाच्या खिशात?

सोलापूर : मुंबईच्या बंदरापासून रेल्वेने साडेचारशे किलोमीटर आत वसलेल्या सोलापुरातही क्रूझची सहल ही आता अप्रूपाची गोष्ट राहिलेली नाही. मुलाच्या लग्नानंतरची भेट, निवृत्तीनंतरचा पहिला मोठा प्रवास किंवा लग्नाचा पंचविसावा वाढदिवस अशा निमित्ताने मुंबई-गोवा, लक्षद्वीप किंवा सिंगापूरच्या जहाजाची चौकशी होते, बयाणा दिला जातो आणि मग महिन्याभराने तीच केबिन तीस-चाळीस हजारांनी स्वस्त झाल्याचे संगणकाच्या पडद्यावर दिसते. हा फरक परत मिळतो का? मिळत असेल, तर तो मागायचा कोणाकडे, आणि त्यासाठी एजंटाने शुल्क मागितले तर ते योग्य की अयोग्य? या प्रश्नांची उत्तरे बुकिंगच्या दिवशीच ठाऊक असली, तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

मुंबईहून सुटणाऱ्या पर्यटन जहाजांचा इतिहास फार जुना नाही आणि तो सुरळीतही नाही. २००५ मध्ये स्टार क्रूझेसचे 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईत आले. डिसेंबर २०१६ पासून कोस्टा कंपनीच्या 'निओक्लासिका'ने मुंबई-मालदीव मार्गावर हंगामी फेऱ्या केल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाले, तर २०१९ मध्ये जलेश क्रूझेसचे 'कर्णिका'. करोनाच्या साथीत जलेशचा कारभार २०२० मध्ये गुंडाळला गेला आणि 'कर्णिका' अलंगच्या भंगारात निघाले. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसने 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून सुरू केले. बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. जहाजे येतात आणि जातात, कंपन्याही बुडतात. सहा-आठ महिने आधी पैसे भरणाऱ्याने एवढे लक्षात ठेवलेले बरे.

अडत कोण देतो?

सोलापूरच्या बाजार समितीत कांदा विकणाऱ्याला अडत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फळे-भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय राज्य शासनाने जुलै २०१६ मध्ये केला, तेव्हा त्यावरून केवढे रण माजले होते! क्रूझच्या धंद्यातही नेमका हाच प्रश्न आहे. फक्त तो कोणी मोठ्याने विचारत नाही.

क्रूझ कंपनी एजंटाला कमिशन देते. हे कमिशन एकूण रकमेवर नसते, मूळ भाड्यावर असते. बंदर शुल्क, सरकारी कर आणि जहाजावरील कर्मचाऱ्यांसाठी घेतली जाणारी बक्षिसी म्हणजे ग्रॅच्युइटी यांवर एजंटाला सहसा काही मिळत नाही. त्यामुळे 'आम्ही तुमच्याकडून एक पैसाही घेत नाही' हे एजंटाचे म्हणणे शब्दशः खरे असले, तरी त्याचा मोबदला ग्राहकाच्याच भाड्यातून निघत असतो. विमानाच्या तिकिटांबाबत हे चित्र पूर्वीच पालटले. प्रमुख भारतीय विमान कंपन्यांनी २००८ च्या अखेरीस एजंटांचे कमिशन बंद केले आणि तिकिटावर वेगळे सेवाशुल्क लावण्याची पद्धत रूढ झाली. ती सवय आता क्रूझच्या बुकिंगलाही लागली आहे. म्हणजे काही ठिकाणी कंपनीचे कमिशनही आणि ग्राहकाचे शुल्कही.

यात गैर काही नाही, मात्र ते आधी सांगितले पाहिजे. छोट्या शहरातील एजंट बहुधा उपएजंट असतो. तो मुंबई किंवा पुण्याच्या मोठ्या एजन्सीमार्फत केबिन घेतो आणि कमिशन दोघांत वाटले जाते. हातात उरते थोडे, काम मात्र पुष्कळ. पारपत्र तपासणे, व्हिसाचे कागद लावणे, ज्येष्ठ नागरिकांना ऑनलाइन चेक-इन करून देणे, हे सारे त्यालाच करावे लागते. त्याबद्दल त्याने दोन हजार रुपये मागितले, तर ती लूट नव्हे. बुकिंग रद्द करताना अचानक उगवणारे 'एजन्सी चार्जेस' मात्र वेगळे. रद्द करण्याचा कंपनीचा दंड एक आणि एजंटाचे शुल्क दुसरे; ही दोन्ही पावतीवर स्वतंत्रपणे लिहून घ्यावीत.

कराचा हिशेबही पाहावा. सहल पॅकेज म्हणून एकरकमी विकली असेल, तर सहल आयोजक ५ टक्के जीएसटी लावतो. एजंट केवळ आपले सेवाशुल्क घेत असेल, तर त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. संपूर्ण भाड्यावर नव्हे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएसही कापला जातो. त्याचे दर आणि मर्यादा अर्थसंकल्पागणिक बदलत आल्या आहेत, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारावा. ही रक्कम बुडत नाही, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळती करून घेता येते. पण त्यासाठी पावतीवर पॅन क्रमांक बिनचूक हवा.

भाडे उतरते ते का?

गड्ड्याच्या जत्रेत शेवटच्या रात्री खेळणीवाला जो विचार करतो, तोच जहाज कंपनीही करते. जहाज सुटले की रिकाम्या केबिनची किंमत शून्य होते. शिवाय प्रवासी आत आला, तर तो खाण्यापिण्यावर, किनाऱ्यावरील सहलींवर आणि दुकानांतून खर्च करतो. म्हणून केबिन रिकामी नेण्यापेक्षा स्वस्तात भरलेली बरी. उलट दिवाळी आणि मे महिन्याच्या सुटीत केबिन भराभर जातात, तेव्हा थांबणाऱ्याला जास्त पैसे मोजावे लागतात. भाडे उतरेलच या भरवशावर बसणे हा जुगार आहे.

यात कळीची असते ती अंतिम रक्कम भरण्याची तारीख. परदेशी कंपन्यांत ती सहसा प्रवासाच्या दोन ते तीन महिने आधी येते. मोठ्या प्रवासासाठी आणखी आधी. या तारखेपूर्वी भाडे उतरले, तर बऱ्याच कंपन्या नवे भाडे लावून देतात. कारण उघड आहे: ग्राहक जुने बुकिंग फारसा दंड न भरता रद्द करून नवे करू शकतो, मग कंपनी आढेवेढे कशाला घेईल? बयाणा परत न मिळणाऱ्या प्रकारातला असेल, तर मात्र हा मार्ग अडतो. तारीख उलटल्यावर रोख परतावा बहुधा मिळत नाही. फार तर वरच्या दर्जाची केबिन किंवा जहाजावर खर्च करण्यासाठी काही रक्कम मिळू शकते. तीही मागितली तर, आणि कंपनीची मर्जी असेल तर. गंमत अशी, की कच्ची बुकिंगे गळतात ती याच तारखेच्या सुमारास, केबिन परत येतात आणि भाव त्यानंतरच घसरतो.

नवे भाडे आपोआप लागत नाही, कोणीतरी मागावे लागते. एजंटामार्फत बुकिंग असेल, तर कंपनी ग्राहकाशी थेट बोलत नाही, 'तुमच्या एजंटाशी संपर्क साधा' असे सांगते. मग सोलापूरचा एजंट मुंबईच्या एजन्सीला कळवणार, ती एजन्सी कंपनीला. तेवढ्यात भाव पुन्हा चढलेला असू शकतो.

येथे एजंटाचे आणि ग्राहकाचे हित वेगळे होते. समजा, दोघांच्या केबिनचे मूळ भाडे १,६०,००० रुपये आणि बंदर शुल्क व इतर आकार ३०,००० रुपये आहेत. कमिशन १० टक्के धरले, तर ते १६,००० रुपये होते. भाडे १,३०,००० वर आले, की ग्राहकाचे ३०,००० वाचतात आणि कमिशन ३,००० ने घटते. वर फेरनोंदणीचे काम. एजंटाने त्यासाठी २,५०० रुपये शुल्क आणि त्यावर ४५० रुपये जीएसटी घेतला, तरी ग्राहकाच्या हाती २७,०५० रुपये उरतात. तेव्हा शुल्क मागितले म्हणून रागावण्यापेक्षा हिशेब करावा. भाव उतरल्याचे आपणहून कळवणारा एजंट हा स्वतःचे नुकसान करून घेत असतो. असा एजंट भेटला, तर सोडू नये.

पण भाडे उतरले म्हणजे सौदा स्वस्त झाला, असेही नाही. पहिल्या बुकिंगवर १२,००० रुपयांच्या सवलती, म्हणजे मोफत इंटरनेट, पेये किंवा जहाजावरील खर्चाची रक्कम मिळाली असेल, तर नव्या भाड्यात त्या सहसा राहत नाहीत. वरच्या उदाहरणातील बचत मग १५,०५० वर येते. केबिन तीच आहे की खिडकीची जाऊन आतली आली, हेही पाहावे.

डॉलरचा हिसका

सिंगापूर किंवा युरोपच्या जहाजांचे भाडे परकी चलनात असते. दोन हजार डॉलरचे भाडे ८४ रुपये दराने १,६८,००० रुपये होते. ते १,९५० डॉलरवर उतरले, पण दर ८८ रुपये झाला, तर रक्कम होते १,७१,६०० रुपये. भाडे उतरले आणि बिल वाढले! एजंट कोणत्या दिवसाचा दर लावणार आणि बँकेच्या दरावर स्वतःचे किती चढवणार, हे बयाणा देतानाच विचारावे.

मोठ्या सहल कंपन्यांच्या समूह सहलीत क्रूझ हा अनेक दिवसांपैकी दोन-तीन दिवसांचा भाग असतो. केबिन घाऊक घेतलेल्या असतात, दर ठरलेला असतो. तेथे उतरलेल्या भाड्याचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. त्याची अपेक्षाही ठेवू नये.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांचे बुकिंग बहुधा मुलेच तेथील एजंटाकडे करतात. तेथील काही एजन्सी भाडे उतरल्यास फरक विनाशुल्क मिळवून देतात, काही शुल्क घेतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून जाहिरातीतील किंमत सर्व अनिवार्य शुल्कांसह दाखवणे बंधनकारक झाले, तेव्हा मोठ्या क्रूझ कंपन्यांना बंदर शुल्क मूळ किमतीतच दाखवावे लागले. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतील फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणे, न मागितलेली सेवा बिलात घुसडणे, 'दोनच केबिन शिल्लक' अशी खोटी घाई करणे, हे सारे त्यात अनुचित ठरवले आहे.

दाद कोठे मागावी

भाडे नंतर उतरले, एवढ्याने तक्रार होत नाही. ज्या दराला ग्राहकाने होकार दिला, तो करार. मात्र 'भाव उतरल्यास फरक देऊ' असे एजंटाने लिहून दिले असेल आणि नंतर टाळले, किंवा कंपनीकडून मिळालेला फरक स्वतःच ठेवला, तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. म्हणून तोंडी आश्वासनावर न विसंबता ई-मेल किंवा व्हॉट्सअॅपवर लेखी घ्यावे, कंपनीचा मूळ बुकिंग क्रमांक मागावा आणि कंपनीने दिलेली पक्की पावती पाहिल्याखेरीज अंतिम रक्कम देऊ नये.

पहिली तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. तेथे भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार तक्रारदार जेथे राहतो, तेथेच दावा दाखल करता येतो. एजन्सी मुंबईची असली, तरी सोलापूरच्या ग्राहकाला सोलापुरातच दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचे शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे.