एका म्यानात दोन तलवारी : न्यूयॉर्कच्या क्रीडा-रेडिओतील सत्तास्पर्धा

#थ्रेड #इतिहास

१/ रेडिओ आणि खेळ म्हटले की आपल्याला धावते समालोचन आठवते. अमेरिकेत मात्र याहून वेगळी परंपरा रुजली : सामना नसतानाही अहोरात्र खेळावर वाद घालणारे केंद्र. या परंपरेचे आद्यपीठ म्हणजे न्यूयॉर्कचे डब्ल्यूएफएएन. त्याचा इतिहास हा बहुतांशी निवेदकांच्या खुर्च्यांचा इतिहास आहे. मित्रहो, आज त्याविषयी.

२/ १ जुलै १९८७, दुपारचे ३. १०५० या मध्यम लहरीवरचे कंट्री संगीताचे जुने केंद्र बंद झाले आणि तेथे सूझिन वॉल्डमन यांचा आवाज उमटला. जेफ स्मुल्यन यांच्या एमिस कंपनीने चोवीस तास केवळ खेळाला वाहिलेले केंद्र उभारले होते. हा प्रयोग अल्पजीवी ठरणार, असे भाकीत अनेकांनी केले.

३/ प्रारंभी भिस्त होती ती नामवंतांवर. सकाळी ग्रेग गम्बेल, दुपारी क्लीव्हलंड गाजवून आलेले पीट फ्रँकलिन. परंतु फ्रँकलिन यांचा न्यूयॉर्कमध्ये जम बसला नाही. केंद्र तोट्यात चालले होते. मेट्स संघाच्या बेसबॉल सामन्यांचे प्रक्षेपण हाच काय तो आधार.

४/ ऑक्टोबर १९८८ मध्ये एमिसने एनबीसीची ६६० ही लहरी मिळवली आणि केंद्र तेथे हलवले. त्या लहरीबरोबर आले डॉन आयमस. ते क्रीडानिवेदक नव्हतेच. राजकारण, थट्टा आणि टोमणे हे त्यांचे क्षेत्र. तरीही सकाळची वेळ गम्बेल यांच्याकडून त्यांच्याकडे गेली. केवळ खेळाचे म्हणवणाऱ्या केंद्राला खेळाबाहेरच्या माणसाने सावरावे, हा या इतिहासातील पहिला विरोधाभास.

५/ दुसरी उलथापालथ १९८९ ची. फ्रँकलिन गेले आणि दुपारची खुर्ची रिकामी झाली. कार्यक्रमप्रमुख मार्क मेसन यांनी दोन माणसे एकत्र बसवली. माइक फ्रान्सेसा : सीबीएसमध्ये संशोधक म्हणून घडलेले, ठाम, अधिकारवाणीचे. ख्रिस रुसो : चिरका स्वर, सुसाट बोलणे, टोपणनाव ‘मॅड डॉग’. फ्रान्सेसांना खरे तर स्वतंत्र कार्यक्रम हवा होता.

६/ ५ सप्टेंबर १९८९ रोजी ‘माइक अँड द मॅड डॉग’ सुरू झाला. कागदावर जुळणारे काहीच नव्हते. एक यांकीजचा कट्टर चाहता, तर दुसरा न्यूयॉर्कमध्ये राहून सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा. पण रोजचे अनेक तास भरायचे, तर एकमत काय कामाचे? मतभेद हेच त्यांचे भांडवल ठरले.

७/ येथे अर्थकारण ध्यानात घ्यावे. निकाल तर कुठेही कळतो. संध्याकाळी गाडीतून घरी परतणारा श्रोता निकालासाठी नव्हे, तर या दोघांना त्याबद्दल काय वाटते हे ऐकण्यासाठी रेडिओ लावी. जाहिरातदार त्याच श्रोत्यासाठी पैसे मोजत. म्हणजेच केंद्राची मिळकत हळूहळू दोन व्यक्तींच्या स्वभावात साठत गेली.

८/ एका म्यानात दोन तलवारी किती काळ राहणार? मायक्रोफोनसमोरचा वाद मायक्रोफोन बंद झाल्यावरही उरू लागला. अबोल्याचे काळ येऊन गेले. २००८ च्या उन्हाळ्यात बेबनावाच्या बातम्या वृत्तपत्रांत झळकल्या आणि १४ ऑगस्टला रुसो केंद्र सोडून उपग्रह रेडिओकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूरध्वनीवरून आपल्याच जुन्या कार्यक्रमात हजेरी लावली, तेव्हा फ्रान्सेसांचा कंठ दाटून आला. स्पर्धा खरी होती, तसा जिव्हाळाही.

९/ सकाळची खुर्चीही स्थिर नव्हती. एप्रिल २००७ मध्ये महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलपटूंविषयीच्या वंशद्वेषी उद्गारांमुळे आयमस यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी बूमर इसायसन आणि क्रेग कार्टन आले. सप्टेंबर २०१७ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या आरोपाखाली कार्टन यांना अटक झाली आणि तीही जोडी फुटली.

१०/ डिसेंबर २०१७ मध्ये फ्रान्सेसांनी निरोप घेतला. त्यांच्या वेळेवर तिघांचा नवा कार्यक्रम आला. परंतु १ मे २०१८ रोजी फ्रान्सेसा परतले आणि त्या तिघांना जेमतेम चार महिन्यांत मुख्य वेळ सोडून आधीच्या वेळेत सरकावे लागले. निरोपाचे सोहळे झालेला माणूस पुन्हा त्याच खुर्चीत!

११/ यावरून काय दिसते? १९८७ मध्ये या केंद्राची कल्पना अशी होती की खेळ हाच नायक आणि निवेदक बदलता येण्याजोगा. व्यवहारात उलटे घडले. निवेदकांनी केंद्र तारले आणि मग केंद्र त्यांचे अंकित झाले. लहरी मालकीची असते, श्रोता नव्हे. तो आवाजामागे जातो.

१२/ म्हणूनच इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा संस्थेचा अभ्यास करताना वर्धापनदिनांच्या भाषणांपेक्षा तिचे रोजचे वेळापत्रक आधी वाचावे. कोण कोणत्या तासाला बसला, कोणाला सरकावे लागले, कोण परत आला, यातच सत्तेचा खरा नकाशा असतो. दरबार बदलतात, मानाच्या जागेची ओढ तीच राहते.

थ्रेड समाप्त.