इसापूर : नाव धरणाला, पाणी कालव्याला

पैनगंगेच्या डाव्या तीरावर, पुसदच्या नैऋत्येस वसलेल्या इसापूरचे नाव पावसाळ्यात मराठवाड्याच्या वृत्तपत्रांतून वारंवार झळकते. ते गावासाठी नव्हे, तर धरणासाठी. 'इसापूर भरले' ही वार्ता नांदेड व हिंगोलीच्या शेतकऱ्यांना वर्षाची बेगमी वाटते. ज्याच्या नावाने हे पाणी ओळखले जाते ते छोटेसे गाव मात्र यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी टोकाला, पुसद तालुक्यात आहे.

बुलडाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पैनगंगा येथे सीमेचे काम करते. उत्तरेला विदर्भ, दक्षिणेला मराठवाडा. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर या भागात हीच नदी वऱ्हाड आणि निजामाचा मुलूख यांच्यातील हद्द ठरली. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता. तो जिल्हा मोडल्यावर यवतमाळला जोडला गेला. पलीकडचा कळमनुरी तालुका १९९९ पर्यंत परभणीत होता, आता हिंगोलीत आहे. काठावरच्या बोलीत वऱ्हाडी आणि मराठवाडी वळणे एकमेकांत मिसळली आहेत ती यामुळेच. सोयरीक जुळवताना नदी कधी आड आली नाही.

ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे हे मातीचे धरण ५७ मीटर उंच व ४,१२० मीटर लांब असून राष्ट्रीय धरण सूचीत त्याच्या पूर्णत्वाचे वर्ष १९८२ दिले आहे. पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून ४४१ मीटर, तर उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळजवळ ३४ टीएमसी. याच प्रकल्पात कयाधू नदीवर सापळी येथे दुसरे धरण योजले होते. ते झाले नाही आणि सारा भार इसापूरवर आला.

खरा प्रश्न उताराचा आहे. कालवे धरणाच्या भिंतीपासून निघतात आणि खाली जातात. उजव्या कालव्याचे पाणी कळमनुरीमार्गे नांदेड जिल्ह्यात पोहोचते. डाव्या कालव्याचे उमरखेड, हदगावकडे. जलाशयाच्या वरच्या अंगाला राहिलेली गावे कालव्यापेक्षा उंचावर असल्याने त्यांच्या शेतात हे पाणी आपसूक येऊ शकत नाही. पाणी डोळ्यांसमोर असते. ते उचलायचे तर मोटार, जलवाहिनी, वीज आणि पाटबंधारे खात्याचा परवाना, एवढे सारे हवे. नदीकाठची खोल काळी जमीन बुडीत क्षेत्रात गेली, उरली ती बहुतांशी बेसाल्टच्या टेकड्यांवरील हलकी, मुरमाड. तिच्यावर कापूस, तूर, सोयाबीन होते ते पावसाच्या भरवशावर. हा व्यवहार काठच्या गावांना तोट्याचाच ठरला, असे म्हणावे लागेल.

त्यातही एक वाट आहे, ती गाळपेरीची. हिवाळ्यापासून पाणी जसजसे ओसरते, तसतशी गाळाने भरलेली जमीन उघडी पडते. ती थोड्या मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जाते आणि त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असते. हरभरा, गहू, टरबूज येथे विशेष मशागतीवाचून येतात. मात्र कोणाच्या वाट्याला किती जमीन येईल, हे त्या वर्षीच्या जलपातळीवर ठरते. धरण भरलेले राहिले की गाळपेर आटते. खालच्या शेतकऱ्याचे सुकाळाचे वर्ष वरच्याला अडचणीचे जाते ते असे.

लोकवस्तीचा पोतही वेगळा आहे. पुसद तालुका बंजारा तांड्यांचा. राज्याचे सर्वाधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक याच तालुक्यातील गहुलीचे. डोंगराळ पट्ट्यात आंध आदिवासींची वस्ती आहे, शिवाय मराठा, बौद्ध, धनगर कुटुंबे आणि मासेमारीवर जगणारे भोई. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. चौरस किलोमीटरमागे अवघी २०४. त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण साडेअठरा टक्के. परंतु जलाशयाकाठी निव्वळ आकडे फसवे ठरतात. बुडालेल्या गावातील माणूस पुनर्वसित गावठाणात, पुसदला किंवा आणखी दूर मोजला जातो. बुडालेले गाव रिकामे, 'ओसाड' म्हणून महसुली दप्तरात तेवढे उरते.

पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा. पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये नवे कायदे आले. शासकीय नोकरीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. धरण झाले तेव्हा जे तरुण होते त्यांची नातवंडे आज त्या दाखल्यावर अर्ज करीत आहेत. दरम्यान शासनाने हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केला आहे. काठच्या भोयांना आणि गुराख्यांना आता पाटबंधारे खात्याबरोबर वन खात्याचेही नियम पाहावे लागतात.